टेकडी उतरताना

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास जवळजवळ उडालाच होता. मी काटोलला शिंपीकाम करायचो. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग दिवसाही बाजूचं दिसणं गेलं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. पायाखालचं, आजूबाजूचं काही नाही. नागपूरला धंतोलीतल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यावर औषध नाही, उरलंय तेही हळूहळू जाईल. बायको सोडून मी गावात कोणाला कळू दिलं नाही. ओळखीचा माणूस शेजारून गेला तरी मला पत्ता नसे, म्हणून लोक म्हणू लागले, शिंप्याला माज आला. मला ते चाले. गर्विष्ठ म्हणा, पण आंधळा म्हणू नका.

अपंगांचं सरकारी ओळखपत्र काढलं तर एस.टी.त सवलत मिळते, असं माझ्या बायकोने कुठेतरी ऐकलं. मी कितीतरी महिने टाळलं. शेवटी तयार झालो तो एका अटीवर: विचारणाऱ्याला सांगायचं की आम्ही नागपूर पाहायला चाललो. तिने खरंच नागपूर पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं लुगडं नेसून, भाकरी बांधून ती निघाली.

दवाखान्याचा दाखला आधीच मिळाला होता. ओळखपत्राच्या कार्यालयात कागद घेतले आणि सांगितलं, साहेब बाहेर गेलेत, दुपारनंतर या. मला सुटल्यासारखं वाटलं. आम्ही महाराजबागेत प्राणी पाहायला गेलो. ती पिंजऱ्यापाशी लहान पोरीसारखी थांबली. "अवो, वाघ पाहा न, कसा जांभई देऊन राहिला!" मला नुसते गज दिसत होते. मी म्हटलं, "हो, मोठाच आहे." ती पिंजऱ्यापासून निघाली. मग तिनेच म्हटलं, इतक्या लांब आलो तर टेकडीच्या गणपतीचं दर्शन घेऊ.

तिच्या मागोमाग पायऱ्या चढून उन्हातून देवळात शिरताच माझ्यापुढे काळोख झाला. घंटा ऐकू येत होत्या, फुलांचा वास येत होता, मूर्ती दिसत नव्हती. लोक हात जोडत होते त्या दिशेला मीही हात जोडले, डोळे मोठे केले. आज आठवलं तरी मान खाली जाते. देवासमोरही मी दिसत असल्याचं सोंग आणलं. मागायचं काहीच सुचलं नाही. बायको प्रदक्षिणेला गेली. जाताना तिने माझा हात धरला, तो मी झटकला. "लोक पाहून राहिले," असं पुटपुटलो.

वळताना माझा धक्का एका बाईच्या ताटाला लागला. नारळ, हळदकुंकू सगळं खाली. "डोळे फुटले काय गा तुझे?" ती ओरडली. चारजण थांबले. 'हो' एवढा एकच शब्द म्हटला असता तर ती बाई स्वतःच कळवळली असती. पण तो तोंडातून निघेना. मी तसाच बाहेरच्या उजेडाकडे चालत सुटलो आणि पायऱ्यांच्या काठाशी येऊन थबकलो. डोळे दिपले होते. पुढची पायरी कुठे आहे ते कळेना. मागे जायची लाज, पुढे जायची भीती. पायाने काठ चाचपत राहिलो.

तेवढ्यात खांद्यावर एक हात पडला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"बाबू, थांब गा. मले तुह्या आधारानं उतरू दे. गुडघे लय दुखून राहिले माह्ये."

नाही कसं म्हणावं? मी हलूच शकत नव्हतो. तेच म्हणाले, "माह्या चालीनं चाल. आता एक पायरी. हं. आता दुसरी. ही जराशी उंच आहे, पाय दमानं टाक. मी पडलो त तुलेही घेऊन पडीन." असं बोलत बोलत ते मला अगदी खालपर्यंत घेऊन आले. वाटेत म्हणाले, "मलेही पहिले लाज वाटे बाबू, कोणाले आधार मागाची. काहून वाटे, देवाले ठाऊक." खाली सपाट जमिनीवर पाय लागले तेव्हा त्यांनी हात काढला, "सुखी राहा," म्हणाले, आणि मी आवाजाकडे वळेपर्यंत ते निघूनही गेले.

बायको धापा टाकत आली. मी म्हटलं, एका म्हाताऱ्या बुवांना उतरवून दिलं, त्यांचे गुडघे दुखत होते.

"कोण, तुमच्या खांद्यावर हात ठेवून उतरले ते पांढऱ्या टोपीवाले? वरून पाहिलं मी," ती म्हणाली. "ते त आता माह्या बाजूनं भराभरा पायऱ्या चढून वर गेले."

मी जागच्या जागी खाली बसलो. एका अनोळखी माणसाने माझी लाज राखायला दुखऱ्या गुडघ्यांचं सोंग घेतलं होतं. आणि माझं सोंग कोणासाठी होतं? जी बाई वर्षभर माझी लाज राखत आली, तिचाच हात मी देवाच्या दारात झटकला होता. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. भर रस्त्यात मी हात पुढे केला आणि म्हटलं, "धर वं. मले दिसून नाही राहिलं." तिने धरला. दुसऱ्या हाताने पदर डोळ्यांना लावला.

दुपारनंतर कार्यालयात कारकुनाने विचारलं, "अर्जदार कोण?" ती बोलायच्या आत मी म्हणालो, "मी. मला दिसत नाही." या वेळी शब्द निघाला. साहेबांची सही झाली.

ते कोण होते, मी कधी शोधलं नाही. कोणी म्हणतं गणपतीच आला. मी वाद घालत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की त्या दिवशी मी काही मागितलं नव्हतं, आणि मागायची लायकीही नव्हती, तरी मिळालं.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून संध्याकाळी आम्ही फुटाळा तलावावर गेलो. पाण्यावरचा गार वारा लागत होता. मी तिला म्हटलं, "तू पाहा, आणि मले सांग." ती सांगत राहिली: पाण्याचा रंग, बगळे, पलीकडची झाडं, बुडता सूर्य. अंधार पडेपर्यंत मी तिच्या डोळ्यांनी नागपूर पाहिलं.