लिमिटेड काकांचा सल्ला

शॉमबर्गच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे लिमिटेड काका म्हणत. कुणाकडे गेले की दारातच जाहीर करायचे, "मी फक्त चहापुरता हजर आहे. जेवणाचा आग्रह मला लागू नाही." मग श्रीखंड दोनदा मागून घ्यायचे. मूळचे नागपूरचे वकील, इथे पुन्हा शिकून वकील झालेले. कोर्टाची भाषा घरात बोलायचे आणि घरची कोर्टात.

माझी बायको आमच्या मुग्धाला घेऊन कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला भावाकडे गेली आणि मुलीच्या ताब्यासाठी तिने तिथेच दावा लावला, तेव्हा मी काकांना फोन केला.

"ये," ते म्हणाले, "पण कोर्टात एवढंच म्हणायचं, की या कोर्टाचा माझ्यावर अधिकार नाही, दावा कॅलिफोर्नियात चालवा. त्यापुढे एक शब्द बोललास, तर सापडलास त्यांच्या तावडीत, यार."

मी तेवढंच बोललो. निघताना मात्र सवयीने हात जोडले आणि म्हणालो, "ओके, आय विल कम." समोरचा वकील ताडकन उठला. हे पुन्हा येणार म्हणतात, म्हणजे या कोर्टाचा अधिकार यांना मान्य आहे.

काका सावकाश उभे राहिले. आमच्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे त्यांनी जज्जना इंग्रजीत समजावलं. "माझे सासरे दर वेळी असंच म्हणून जायचे, युअर ऑनर. ते खरं बोलतायत की काय, एवढीच मला भीती असायची." जज्ज हसले. दावा कॅलिफोर्नियात गेला.

पार्किंगमध्ये मी काकांना मिठीच मारली. ते म्हणाले, "तू जिंकलास ती भांडायची जागा. आता तिथे जाऊन भांडू नकोस. तू अंधार पडल्यावर घरी येणार, तोवर पोर एकटी टीव्ही बघत बसणार. शाळा आईकडे, सुट्ट्या तुझ्याकडे. बघ विचार करून."

मी चिडलो. "काका, तुम्ही वकील कुणाचे?"

"तुझाच. म्हणून तर तुला सांगतोय, तिला नाही."

काही दिवस फुगून बसलो आणि मग तसंच केलं. मुग्धाला न्यायला शॉमबर्गला गेलो, की मंडळींत माझं केवढं कौतुक व्हायचं. बाप असावा तर असा, म्हणे. मी ऐकून घेत राहिलो. काकाही तिथेच असायचे, पुरणपोळीवर तूप वाढून घेत. कधी एक शब्द बोलले नाहीत.

ते गेले, तेव्हा शोकसभेतसुद्धा कुणीतरी माझ्याच मोठ्या मनाची आठवण काढली. मुग्धा आता पन्नाशीला आली आहे. अजून कौतुकाने सांगते, "माय डॅड लेट मी स्टे विथ आई."

मुग्धा, ते काकांनी ठरवलं. त्या दिवशी कोर्टातून बाहेर पडलो, तेव्हा माझ्या खिशात तुझं सनीव्हेलला परतायचं तिकीट होतं.