हळूबाईची सुई

हे नाव तिला आईबापांनी दिलं नव्हतं, ती काम करायची त्या संशोधन संस्थेनं दिलं. तळघरातल्या खोलीचं दार फटीएवढं उघडायचं, एक डोकं बाहेर यायचं आणि बोळातून जाणारा झाडूवाला असो की खुद्द संचालक, त्याच्या कानावर एकच शब्द पडायचा, "हळू!" की डोकं आत. खरं नाव पगाराच्या दिवशी कामाला यायचं. एरवी सगळ्यांची ती हळूबाई.

तिचा तरी काय दोष? त्या खोलीत छताच्या तुळईला रबरी दोऱ्या बांधून काळ्या दगडाची जाड लादी टांगलेली होती आणि लादीवर तिचं यंत्र. हे यंत्र बघणारं नव्हे, चाचपणारं. शरीरातला एखादा रेणू इतका बारीक असतो की उजेडाच्याही हाताला लागत नाही. म्हणून एका इवल्याशा पट्टीच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारी सुई बसवतात आणि तिच्याकडून तो चाचपून घेतात, आंधळ्यानं बोटांनी चेहरा ओळखावा तसा. शेतात नांगर फिरावा तशी सुई या कडेपासून त्या कडेपर्यंत तास काढत जाते. उंचवटा आला की उचलते, खळगा आला की उतरते. तिच्या त्या वरखाली होण्याचं पडद्यावर चित्र उमटतं. अशात वर कुणी टाच आपटली की तुळई थरारली, दोऱ्या थरारल्या आणि सुई दचकलीच. मग चित्रात या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ. केलेलं सगळं मातीत.

यंत्राच्या नेमकं डोक्यावर भांडार होतं, बाटल्या न् काचसामान ठेवायची खोली. तिच्या दाराशी एक फरशी निसटलेली. तिच्यावर पाय पडला की खाली हळूबाईच्या काळजात धस्स व्हायचं. आणि तो पाय बहुतेक वेळा धडधड्याचा असायचा. धडधड्या म्हणजे वरच्या मजल्यावर सोन्याच्या बारीक कणांवर काम करणारा, आडव्या बांध्याचा, मनानं गरीब पण चालताना रेडा.

"बाई, मी आता काय उडत जाऊ?" तो म्हणायचा.

"उडा. फक्त उतरायच्या आधी सांगा."

घरीही तेच. ती भाऊ-भावजयीकडे राहायची. वहिनीनं भांडं जरा जोरात ठेवलं की ही आतल्या खोलीतून, "वहिनी, हळू." वहिनी म्हणायची, "वन्सं, इथं सुई नाही. इथं माणसं राहतात."

हळूबाई शिकलेली होती, डॉक्टर होती. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांच्या हाताखालीच तिनं पदवी घेतली होती. पण पदवी झाली त्या दिवशी सर म्हणाले, "तुझ्यासारखा हात कुणाचा नाही गं. यंत्र तूच सांभाळ." आणि त्या कौतुकाच्या खुंट्याला ती जी बांधली गेली ती गेलीच. लोक आपापले रेणू घेऊन यायचे, ही चित्रं काढून द्यायची, त्यांचे शोधनिबंध छापून यायचे. शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, चित्रं काढून दिल्याबद्दल हिचे आभार. घराच्या फोटोत सगळे असतात, काढणारा तेवढा नसतो, तशातली गत. तिला एकदाच, एकाच निबंधावर, आपलं नाव सगळ्यांच्या आधी छापलेलं बघायचं होतं. बाकी नवस-हौस काही नव्हती.

तिचे केस पांढरे व्हायला लागल्यावर सरांनी तिला एक प्रथिन दिलं. पेशीच्या पापुद्र्याला भोक पडलं की ते बुजवणारं. "हे तुझं," सर म्हणाले. "काढ चित्रं. पहिलं नाव तुझं."

मग काय विचारता! अभ्रकाच्या तुकड्याला चिकटपट्टी लावून ती वरचा पापुद्रा ओढून काढायची. खाली लख्ख, नवंकोरं अंग निघायचं. त्यावर प्रथिनाचा थेंब सोडायचा, रेणू खाली बसू द्यायचे, अलगद धुवायचं आणि सुई उतरवायची. सगळं इतक्या मायेनं की वहिनी म्हणाली असती, इतकं जपून आम्ही पोरंसुद्धा न्हाऊ घातली नाहीत.

या कामात एक सवय सगळ्यांनाच असते. एखादी सुई हाताला लागली, चांगली चित्रं द्यायला लागली, की ती बदलायची नाही. खणात नव्या सुयांची डबी भरलेली असते, पण दुभत्या म्हशीसारखी ती एकच सुई जपायची. हळूबाईलाही एक अशीच लागली होती. तिच्याखाली रेणू कसे टपोरे दिसायचे! आणि दिसलं असं की रेणू एकटा नाही. प्रत्येकाच्या कुशीला एक धाकटा.

सर पडद्यापुढे वाकले ते वाकलेच. "जोडी! अगं, हे जोडीनं काम करतं! एक भोक धरून ठेवतं, दुसरं बुजवतं!" सरळ होता होता त्यांनी बजावलं, "हीच सुई ठेव. हात लावू नकोस तिला."

तिनं नाही लावला.

निबंध छापून आला. पहिलं नाव तिचं. तिनं पडद्यावरच्या त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, तिच्या सुईसारखंच, डावीकडून उजवीकडे.

रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "हे म्हणत होते, वन्संना जोडी सापडली."

"सापडली."

"अगं बाई! इतक्या वर्षांनी! आणि ती पण दुसऱ्याची!"

भावाला ठसका लागला. हळूबाईही हसली, न हसून जाते कुठं? पण तीच वहिनी दुसऱ्या दिवशी निबंधाचा छापील कागद घेऊन शेजारपाजार हिंडली. त्यातलं तिला काडीचं कळत नव्हतं. पहिल्या नावावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "ह्या आमच्या वन्सं."

इकडे सरांचं नाव संचालकाच्या खुर्चीसाठी घेतलं जाऊ लागलं. जोडीवर भाषणं झाली. जोडीच्या जोरावर नवी इमारत उठणार, अशी हवा झाली.

अशात एके दिवशी धडधड्या आपले सोन्याचे कण घेऊन खाली आला. चवड्यांवर, श्वास धरून. "बाई, बघा हं, अजिबात आवाज नाही."

"बसा. बसताना पण आवाज नको."

सोन्याचे कण म्हणजे सरळ हिशेब. गोल, सुटे, वाटाण्यासारखे. तिनं सुई उतरवली. चित्र वरून खाली उलगडत आलं आणि धडधड्या खो खो हसला.

"बाई, माझ्या गोळ्यांना पिल्लं झाली की!"

प्रत्येक कणाच्या कुशीला एक धाकटा होता. उजव्या अंगाला, किंचित वर. सगळ्यांच्या. एकूण एक.

हळूबाईनं यंत्र थांबवलं. सोन्याला कुठली आली जोडी? "उद्या या," ती म्हणाली. "आज यंत्र रुसलंय." तो बिचारा हसत हसत गेला, जिन्यात पाय आपटत. तिनं हळू म्हटलं नाही.

तिनं प्रथिनाची जुनी चित्रं उघडली. तिथंही धाकटा उजव्या अंगाला, किंचित वर. मूठभर धान्य उधळलं तर ते कधी एका दिशेला तोंड करून पडतं का? हे तिनं शंभरदा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं. पहिलं नाव डोळ्यांवर झापडासारखं बसलं होतं, दुसरं काय?

मग तिनं जे सुरुवातीलाच करायला हवं होतं ते केलं. प्रथिनाचा नवा अभ्रक लावला, चित्र काढलं, अभ्रक काटकोनात फिरवला आणि पुन्हा काढलं. गादी फिरवली तर गादीवर निजलेलाही फिरतो. फिरत नाही ती सावली. रेणू आपल्या जागांसकट फिरले. धाकटे फिरले नाहीत. उजव्या अंगाला, किंचित वर, तिथल्या तिथं.

सुईचं टोक दुभंगलं होतं. फाळ दुभंगला की एका तासाचे दोन तास पडतात, तसं प्रत्येक ढेकूळ दोनदा चाचपलं जात होतं. जोडी रेणूची नव्हती, सुईची होती.

तिनं डबीतली नवी सुई लावली. पडद्यावर रेणू आले. एकटे. सगळेच्या सगळे एकटे.

जुनी सुई तिच्यापुढं पडली होती. सुई केराच्या डब्यात टाकली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पुढं कुणी विचारलं असतं तर बघता आलं असतं. पहिलं नाव राहिलं असतं, वहिनीचं शेजारपाजारचं बोट राहिलं असतं. हे सगळं तिनं मनात घोळवून पाहिलं, नाही असं नाही. मग चिमट्यानं सुई उचलून वेगळ्या डबीत ठेवली आणि जिना चढून सरांच्या खोलीत गेली.

"सर, जोडी नाही."

"काय नाही?"

"सुई दुभंगलीय. एकच रेणू दोनदा दिसत होता. फिरवून पाहिलं, सुई बदलून पाहिली."

सर हुशार माणूस. त्यांना त्या क्षणीच कळलं, ते तिला दिसलं. आणि पुढच्या क्षणी त्यांनी न कळल्यासारखं केलं, तेही दिसलं.

"नवी सुई बोथट असेल."

"डबीतल्या सगळ्याच?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "कुणाला बोललीस?"

"नाही."

"तो सोन्यावाला?"

"तो हसून गेला. त्याला काही कळलं नाही."

"मग एवढी घाई कसली? खुर्चीचं ठरू दे. अगं, पहिलं नाव तुझं आहे. जाईल ते तुझंच जाईल. हवं होतं ना तुला?"

"अजून हवंय, सर. पण जे नाहीच, त्याच्यावर नाव टाकून किती दिवस मिरवू? तुम्ही निबंध मागे घेणार नसाल तर छापणाऱ्यांना मी कळवते."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बरं. मी बघतो. तू कुठं लिहीत बसू नकोस."

आणि सरांनी खरंच बघितलं. निबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली. कारण दिलं होतं : यंत्र चालवताना झालेली चूक. खाली नावं तीच, त्याच क्रमानं. हळूबाईचं पहिलं. 'हीच सुई ठेव' हे वाक्य कुठंच छापलं नव्हतं. बोललेलं कोण छापतं?

पुढच्या आठवड्यात मोठ्या सभागृहात सर बोलायला उभे राहिले. "चूक लक्षात येताच मी ती जगापुढे मांडली. विज्ञानाला प्रामाणिकपणा लागतो, आणि प्रामाणिकपणाला छाती." टाळ्यांचा कडकडाट झाला. हळूबाई शेवटच्या रांगेत होती. तिनंही वाजवल्या. सगळे वाजवत असले की न वाजवणारे हातच तेवढे दिसतात.

खुर्ची सरांना मिळाली. हळूबाईला मिळालं भांडार. "जरा विसावा घे," सर म्हणाले. "फार ताण झाला तुला." यंत्राची किल्ली गेली धडधड्याकडे.

वहिनीनं विचारलं, "वन्सं, तुमचं नाव काढलं का हो?"

"काढलं काय, पहिलंच छापलंय. चूक करणाऱ्यात."

"पण चूक सांगितली कुणी?"

"मी."

"मग कौतुक त्यांचं का म्हणून?"

"ते संचालक आहेत, वहिनी."

 वहिनीनं ओट्यावर पातेलं असं आदळलं की भिंतीवरचं घड्याळ हललं. हळूबाई तशीच जेवत राहिली. तिनं हळू म्हटलं नाही, म्हणून वहिनीच घाबरली.

भांडारात काम काय? बाटल्या द्या, बाटल्या घ्या. दारातून जाता-येता ती त्या निसटलेल्या फरशीला वळसा घालायची. सवयच होती. मग एकदा चहाला निघताना ती फरशीपाशी थांबली. खालच्या खोलीतला पडदा तिला आठवला, टांगलेली लादी आठवली. तिनं टाच उचलली आणि सगळा जीव लावून आपटली.

थांबली. आता दार उघडेल, डोकं बाहेर येईल, हळू म्हणेल. कुणी आलं नाही. तळघरात धडधड्या कानात गाणी घालून बसला होता. तेव्हापासून ती रोज त्याच फरशीवरून जायला लागली, टाच आपटत.

वर्षाअखेर पाहुणे आले. संस्थेच्या दालनात चित्रं टांगली होती. मधोमध सगळ्यात मोठं, धडधड्याचं. नव्या प्रथिनाचे रेणू, कसे टपोरे, आणि त्यांच्यातून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक आडवी रेघ. खाली पहिलं नाव धडधड्याचं. पुढं दोन पाहुणे, नवे संचालक, आणि घट्ट कोटात घाम पुसणारा धडधड्या.

"ही रेघ कसली?" एका पाहुण्यानं विचारलं.

सर थोडे पुढे वाकले. "तेच तर आमचं आताचं काम. तो धागा असावा. रेणूंना बांधून ठेवणारा धागा." आणि मागे वळताना त्यांना ती दिसली. "ये ना, ये. हिचा हात एके काळी फार चांगला होता. काय गं, तुला काय वाटतं?"

हळूबाईनं रेघ पाहिली. स्वतःची टाच तिनं लगेच ओळखली. सरांकडे पाहिलं, धडधड्याकडे पाहिलं.

"छान आलंय, सर," ती म्हणाली.

पाहुणे पुढे सरकले. धडधड्या तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला, चवड्यांवर. "बाई, खरं सांगा. धागाच आहे ना तो?"

"सुई बदललीत का मध्ये?"

"छे! मस्त चाललीय की. सर म्हणाले, हिला हात लावू नकोस."

तिनं त्याच्या घामेजलेल्या, आनंदलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"मग नका लावू," म्हणाली, आणि टाचा वाजवत जिना चढून गेली.