आज मशीन बंदच ठेवलं

मंडळी, आज काम न करताच फार दमलेय.

कॅन्सरच्या गाठीच्या तुकड्यात कोणती रसायनं आहेत, हे सांगणारं मशीन मी सांभाळते. अनेक संशोधकांत मिळून ते एकच. आज त्यांतल्याच वैदेहीचा नंबर होता. वाघोलीहून बर्फात नमुने घेऊन ती सकाळीच आली आणि नेमका आमचा एसी बंद पडला. खोली तापली की मशीनचे आकडे भरकटतात.

"मॅडम, चालवा ना. थोडं इकडेतिकडे झालं तर बघू."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "हे नमुने ज्यांचे, त्यांतले एक काका गेल्या आठवड्यात गेले. त्यांचा नमुना पुन्हा मिळणार नाही."

"म्हणूनच नाही म्हणतेय गं. तो एकदाच वापरता येतो."

नमुने आमच्या फ्रीजरमध्ये ठेवले. उद्याचा नंबर ज्या सरांचा, त्यांना फोन करून तो वैदेहीला द्याल का, असं विचारलं.

"हो, आम्ही काय, रिकामेच बसलोय!"

मी काकांबद्दल सांगितलं. सर म्हणाले, "बरं. उद्या तिलाच घ्या."

संध्याकाळी एसी सुरू झाला. वैदेही मात्र न बोलताच गेली होती.

बरोबर वागूनही अपराधी वाटतं, असं तुमचंही होतं का हो?