तेरामासू

दुधाची रांग लांब असली की बोलायला कुणाला सवड नसते. बरणी पुढं करायची, माप बघायचं, पावती घ्यायची आणि निघायचं. किस्से साठतात ते रांग आटल्यावर.

आमच्या महिला दूध संस्थेच्या केंद्रावर मी फॅटचं मशीन चालवते. घाटनांदूरच्या अलीकडचं गाव. सलग दोन वर्षं पाऊस फिरकला नाही, त्या साली सकाळी सहा क्यान भरायची तिथं दीड भरायला लागली. काम अर्ध्या तासात संपायचं. पण बायका घरी जात नसत. टँकरची वाट घरी बसून बघायची ती इथंच बसून बघू, असं म्हणायच्या. तेव्हाचे हे किस्से. सगळे एकाच पदार्थाचे आहेत, आणि त्या पदार्थाचं नावसुद्धा आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं.

*

रुक्मिणबाईंनी नवऱ्याबरोबर अठरा सीझन ऊस तोडला. लेक अनिता, तिला वसतिगृहात ठेवून शिकवली. आम्हाला ती एकुलतीच वाटायची. ती पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात लागली. तिथं तिचं काम फक्त गोडाचं. वडील वारले तेव्हा दहाव्याला आली आणि परत गेलीच नाही. दोन म्हशी चारा छावणीत, आई एकटी. रोज सकाळी छावणीतून दूध काढून अनिता केंद्रावर यायची आणि भिंतीला टेकून गप्प बसायची.

एकदा कमलकाकूंनी तिला विचारलं. कमलकाकू आमच्या संस्थेच्या सचिव, गळ्यात माळ, बोलणं सरळ.

"तिकडं तू काय करायचीस गं रोज?"

"तिरामिसू," अनिता म्हणाली.

"तेरामासू? म्हंजी धोंड्याच्या महिन्याचं काय? तेरा मासाचं साल असलं का जावयाला करत्यात तसलं?"

अनिता दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली. इटलीचा पदार्थ आहे, म्हणाली. कॉफीत भिजवलेली बिस्किटं, त्यावर सायीचा थर, पुन्हा बिस्किटं, पुन्हा साय, वरून कोको. भाजायचं नाही, तळायचं नाही, नुसतं गार करायचं.

काकूंनी थोडा वेळ विचार केला. "चूल लागत न्हाई, पानी लागत न्हाई. दुष्काळात बरंय हे. कर की एकदा."

तेव्हापासून त्याचं नाव तेरामासू पडलं ते पडलंच.

*

सामान आणायचं काम माझ्याकडं आलं. अनितानं यादी सांगितली, मी पावतीच्या पाठीमागं लिहून घेतली. बाजाराच्या दिवशी घाटनांदूरला गेले. कोको नव्हता, तो पुढं अंबाजोगाईहून आला. कॉफीची पुडी एका दुकानात वरच्या फळीवर सापडली, दुकानदारानं फुंकर मारून धूळ उडवली. पण यादीतली एक गोष्ट मात्र मी मिळवलीच. त्या साली भाजी कुठं बघायला मिळत नव्हती, तरी मी अख्खा बाजार फिरून अर्धा किलो कोवळी मिळवली.

केंद्रावर येऊन पिशवी अनितापुढं ठेवली. ती आत बघतच राहिली.

"ताई, ही भेंडी हाय."

"मग? तूच सांगितलीस. लेडी फिंगर."

तिनं मला समजावून सांगितलं. बोटाएवढं लांब, हलकं बिस्किट असतं, त्याला म्हणतात लेडी फिंगर. मी एवढी शिकलेली बाई, दुधाच्या तपासणीतलं फॅट, एसएनएफ, डिग्री सगळं बघते, आणि इटलीच्या पदार्थात भेंडी घालायला निघाले होते. माझ्या तोंडाकडं बघून अनिता म्हणाली, "असू द्या. लई दिवसांत भेंडी खाल्ली न्हाई."

त्या दुपारी आम्ही चौघींनी केंद्रावरच भेंडी परतून खाल्ली. रुक्मिणबाई, कमलकाकू, अनिता आणि मी. एवढ्या चवीनं भाजी मी पुन्हा कधी खाल्लेली नाही.

*

बिस्किटासाठी आम्ही शकूरभाईंकडं गेलो. त्यांची बेकरी जुनी, लाकडाची भट्टी. टोस्ट, खारी, नानखटाई, बस. अनितानं त्यांना बोटाच्या मापाची बिस्किटं कागदावर काढून दाखवली. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटायचा, पिवळा वेगळा, मग हलक्या हातानं मैदा. शकूरभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस साल हुए बेटी इस भट्टी के सामने. अब तू सिखा."

पहिला घाणा चपटा झाला. दुसरा करपला. तिसऱ्याला बिस्किट असं झालं की हातात धरलं तर वजनच लागू नये.

मग आमच्या लक्षात आलं, कमलकाकू अंडं खात नाहीत. अनिता म्हणाली, त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक करू आणि पट्ट्या कापू. शकूरभाईंनी मान हलवली आणि एक पत्र्याचा ट्रे काढून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी डोकावले तर ते न्हाणीत बसून ट्रे राखेनं घासत होते. बाजूला प्यायच्या पाण्याचा हंडा. त्यांच्या गल्लीत आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा.

मी म्हटलं, "शकूरभाई, फडक्यानं पुसला तरी चाललं असतं."

"तुमको चलता ताई," ते म्हणाले. "काकू को पूछे बगैर मैं कैसा बोलूं?"

कमलकाकूंना मी हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी केंद्रावरचा टँकर आला तेव्हा आपल्या वाट्याचा एक हंडा त्यांनी दूध नेणाऱ्या टेम्पोत चढवला आणि ड्रायव्हरला बेकरीचा पत्ता सांगितला.

*

साय मात्र आमचीच. त्या वर्षी दूध कमी, पण म्हशीच्या दुधाचा फॅट चांगला चढलेला. अनितानं हातमशीनवर मलई काढली, मंद आचेवर तापवली, लिंबू पिळलं, घट्ट झाल्यावर पांढऱ्या फडक्यात बांधून टांगली.

"हा तर चक्का," कमलकाकू म्हणाल्या.

"चक्का दह्याचा असतोय काकू. हा सायीचा."

कॉफी तिनं कडक केली, साखर न घालता, आणि गार करायला पातेल्यात ठेवली. कमलकाकूंना दोन दिवस खोकला होता. त्यांनी काळं पाणी बघितलं, वास घेतला, आणि आपल्यासाठी काढा केलाय असं समजून पेलाभर पिऊन टाकला. दुपारपर्यंत त्यांनी संस्थेचं कपाट लावलं, बरण्या घासल्या, खिडक्या पुसल्या आणि तीन वर्षं राहिलेलं सभेचं इतिवृत्त लिहून काढलं. संध्याकाळी अनिताला विचारलं, "त्यो काढा आनखी हाय का?"

*

आता गार कुठं करायचं हा प्रश्न होता. लाइट आठ-आठ तास नसायची, घरच्या फ्रिजचा भरवसा नव्हता. केंद्रावर दुधाचा मोठा कूलर होता, त्याला जनरेटर. दुधाअभावी तो तीन हिस्से रिकामा. त्याच्या गार पाण्याच्या टाकीत आम्ही स्टीलचा डबा दोरीनं बांधून सोडला.

नेमके त्याच दिवशी तालुक्याहून दूध संघाचे साहेब आले. एवढ्या थोड्या दुधासाठी एवढा कूलर कशाला, तो पाटोद्याकडच्या एका संस्थेला हलवायचा, अशी कुणकुण आधीपासून होती. साहेबांनी मीटर बघितला, वही बघितली, टाकीचं झाकण उचललं आणि दोरी ओढली.

"हे काय?"

अनिता पुढं झाली. डबा पुसला, झाकण काढलं, वाटीत एक चौकोन काढून त्यांच्या हातात दिला. ते उभ्यानंच खायला लागले. दुसऱ्या घासाला खुर्चीत बसले.

"कुणी केलंय?"

"मी. ह्या केंद्राच्या दुधाचं."

साहेबांनी वाटी रिकामी केली. मग म्हणाले, "मी पण शेतकऱ्याचाच हाय, ताई. पन कूलर न्यावाच लागंल. तिकडं दूध नासायलंय."

आणि आठ दिवसांनी कूलर नेला. आम्ही सगळ्याजणी बाहेर उभ्या होतो. ट्रकमध्ये चढवताना कमलकाकूंनी हमालांना सांगितलं, "हळू धरा. आतला पाइप नाजूक हाय त्याचा." पाऊस झाल्यावर दूध वाढलं तेव्हा साहेबांनीच नवीन कूलर मिळवून दिला, हेही सांगितलं पाहिजे. पण ते दीड वर्षांनी.

*

त्या पहिल्या डब्यातलं सगळ्यांनी खाल्लं होतं. रुक्मिणबाईंनी नाही. त्यांनी गोड सोडलंय, एवढंच आम्हाला माहीत. चहासुद्धा बिनसाखरेचा. आम्हाला वाटायचं शुगर असेल, नाहीतर कसला नवस.

साहेब आले त्याच संध्याकाळी उरलेला शेवटचा चौकोन अनितानं आईपुढं धरला.

"माय, घे की. कडूच हाय निम्मं. वरती कोको, आत कॉफी. गोड म्हनून नको धरूस."

रुक्मिणबाईंनी वाटी घेतली, मांडीवर ठेवली. कमलकाकूंनी सहज विचारलं, "त्या तेरामासूचा अर्थ तरी काय गं?"

"मला उचल," अनिता म्हणाली.

"अगं बाई. उचल तर मुकादमाकडनं घेत्यात, पैशाची."

"तसली न्हाई काकू. मला वर उचल, असं."

रुक्मिणबाई वाटीकडं बघत होत्या. म्हणाल्या, "लेकरू म्हनतंय तसं."

मग त्या बोलायला लागल्या. आमच्याशी नाही, वाटीशीच बोलत होत्या. अनिता तीन वर्षांची असताना तिला आजीजवळ ठेवून ती दोघं तोडीला गेली होती. धाकटी अंगावर पिणारी, ती बरोबर. सव्वा वर्षाची. नुकती बोलायला लागलेली. फडात मोळी बांधायला वाकलं की पोरगी पायाशी येऊन हात वर करायची, 'उतल' म्हणायची. डोक्यावर मोळी असायची, कशी उचलणार. तिच्या हातात उसाचं कांडं द्यायचं, की ती चोखत बसायची.

"मग ताप आला. दोन दिवस पाचटाच्या कोपीत पडून व्हती. तिसऱ्या दिवशी गाडी भरायची व्हती, म्हनून मी फडात गेलते. जाताना हात वर केले तिनं. मी कांडं दिलं हातात."

दुपारी परत आल्या तेव्हा संपलं होतं. शेताच्या मालकानं बांधाजवळ जागा दिली. दुसऱ्या दिवशी टोळी पुढच्या गावाला हलली. त्यांचं म्हणणं एवढंच, की त्यानंतर गोड तोंडात धरवेना.

बहीण होती हे अनिताला माहीत होतं. कांड्याचं माहीत नव्हतं. ती आईच्या शेजारी बसली. म्हणाली, "जागा सापडंल का?"

"विहीर ध्यानात हाय," रुक्मिणबाई म्हणाल्या.

वाटी तशीच राहिली.

*

पाऊस झाला त्या साली, पोळ्यानंतर, आम्ही गेलो. अनितानं आदल्या दिवशी ताजा डबा केला. दुधाचे नमुने न्यायची थर्मोकोलची पेटी मी केंद्रावरून घेतली, शकूरभाईंनी बर्फ आणून दिला आणि पैसे विचारले तर पाठ फिरवली. पहिल्या एसटीनं निघालो, तीन गाड्या बदलल्या, ऊन उतरता उतरता कारखान्याच्या पट्ट्यात पोचलो.

रुक्मिणबाईंना गाव ओळखू येईना. रस्ता रुंद झालेला, कच्च्या वाटेवर बंगले. बाभळीची खूण होती ती बाभूळ नव्हती. अनिता विचारायची, "इकडून का, माय?" आणि त्या नुसत्या चालायच्या. शेवटी एक विहीर दिसली, दगडी, आता तिला जाळी बसवलेली. रुक्मिणबाई तिथं थांबल्या. पण पुढं सगळीकडं उभा ऊस, पुरुषभर. बांध कुठला, जागा कुठली, काही कळेना.

"नांगरलं असंल," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्सांनी कोन ठेवतंय."

शेतातल्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. पांढरं लुगडं, हातात काठी. आम्ही कोण, कुठल्या, म्हणून विचारलं. अनितानं बीडचं नाव सांगितलं, आई इथं तोडीला होती म्हणाली. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, मग रुक्मिणबाईंकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"या," ती म्हणाली.

ती पुढं, आम्ही मागं. उसाच्या सरीतून वाकून जावं लागत होतं, पानं तोंडाला लागत होती. वीस-पंचवीस पावलांवर ऊस संपला. मधेच चटईएवढी मोकळी जागा होती. हिरवं गवत, दोन दगड, आणि दगडाच्या आडोशाला तेलकट काळी पणती. चारी बाजूंनी ऊस, तिथं एक कांडं नाही.

"मालक गेले, आता पोरं करतात शेती," म्हातारी म्हणाली. "ट्रॅक्टरवाल्याला दरसाल सांगावं लागतं. तेवढं सोडून लावतो आम्ही."

रुक्मिणबाई खाली बसल्या. गवतावर हात फिरवला. अनितानं पेटी उघडली, पानावर एक चौकोन काढला, दगडापुढं ठेवला. मग वाटीत काढून म्हातारीला दिला, मला दिला, आईला दिला. रुक्मिणबाईंनी वाटी घेतली आणि बोटानंच खाल्लं. थांबत थांबत, सगळं.

म्हातारी वाटी हातात धरून उभीच होती.

"पोरीचं नाव काय होतं हो?"

"सोजर," रुक्मिणबाई म्हणाल्या.

"सोजर." म्हातारीनं दोनदा म्हणून बघितलं. "बरं झालं आलात. इतकी वर्षं दिवा लावते, पण हाक काय मारायची, तेच ठाऊक नव्हतं."