काटा वाचणारा माणूस

आमच्याकडे गाडी मी चालवते आणि काटा नवरा वाचतो. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी मी माझ्या पगारातून ही पांढरी, चौकोनी गाडी घेतली, तेव्हापासून ही वाटणी ठरलेली आहे. ते डाव्या सीटवर बसतात, मान थोडी माझ्याकडे कलती करतात आणि स्पीडोमीटरवरचा आकडा मोठ्याने सांगत राहतात. ‘पस्तीस.’ ‘चाळीस झाले.’ ‘पन्नास, अगं पन्नास.’ माझे कान किटले, पण त्यांचा घसा कधी बसला नाही.

ते जन्मभर पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेली वस्तू मापात आहे की नाही हे बघायचं, हा धंदा. ज्यावर आकडा नाही त्यावर त्यांचा विश्वास नाही. एकदा हौसेने गाडी शिकायला गेले आणि काटा कसा चढतो हे बघता बघता शहाळ्यांच्या ढिगात शिरले. माणसं वाचली, शहाळी गेली. त्यानंतर स्टिअरिंगला त्यांनी हात लावला नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता गाडीच्या गिअरबॉक्सने राम म्हटला. आम्ही चामराजपेटेत राहतो, आमचा मेकॅनिक दोन गल्ल्या सोडून. त्याने गाडीखालून डोकं बाहेर काढलं आणि ‘सिगल्ल अक्का’ म्हणाला, म्हणजे मिळणार नाही. मग आठ दिवसांनी त्यानेच एका भंगारातल्या नव्या गाडीची पेटी मिळवून बसवली. जुनीला चार गिअर होते, हिला पाच. गाडी अशी पळू लागली की मी खूश.

फक्त काटा मेला. जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून एक तारेची केबल निघते, ती आत फिरते आणि काटा हलवते. नव्या पेटीत केबल लावायची जागाच नव्हती. तिथे विजेवर चालणारा सेन्सर होता आणि त्याची वायर माझ्या जुन्या मीटरला काय कामाची?

मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तीस वर्षांनी गाडीत शांतता! पहिल्या दिवशी मी मजेत गाडी चालवली. नवरा शेजारी गप्प बसला होता. लालबागपाशी मी सहज बघितलं तर दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलेली आणि चेहरा पांढराफटक.

‘काय झालं हो?’

‘आपण किती वेगात आहोत, कळत नाहीये,’ ते म्हणाले.

मुलगी पुण्यात असते. तिने तिथून सांगून यांच्या फोनवर वेग दाखवणारं काहीतरी घालायला लावलं. फोन हातात धरून यांनी खाली बघितलं आणि चामराजपेट येण्याआधी ओकारी काढली. दुसऱ्या आठवड्यात इंदिरानगरला भाच्याच्या मुलाचं बारसं होतं. हे मेट्रोने गेले, मी गाडीने. मी रिचमंड सर्कलला अडकले होते तेव्हा यांचं केळीचं पान वाढूनसुद्धा झालं होतं. यजमानीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘भांडण झालंय का?’ मी हसण्यावारी नेलं, पण राग आला.

मग त्या रात्री जेवताना यांनी सांगून टाकलं. ‘दिवाळीला बेळगावला मी रेल्वेने जातो. तिकीट काढलंय. तू गाडी घेऊन ये.’

दर दिवाळीला आम्ही दोघं गाडीने बेळगावला माझ्या भावाकडे जातो. वाटेत तुमकूरच्या पुढे इडली, हुबळीच्या अलीकडे चहा. मी भाताचा घास तसाच धरून बसले. दहा तास शेजारची सीट रिकामी ठेवून मी जाणार नव्हते. काटा हलवायचाच, असं मी तिथे ठरवलं.

मेकॅनिकने हात टेकले होते. पण पीण्यात यांच्या ओळखीचा एक लेथवाला होता, मूळचा निपाणीचा. त्याच्या शेडमध्ये शिरलं की तेलाचा वास आणि आपली भाषा एकदम अंगावर येते. त्याने तो सेन्सर हातात घेऊन फिरवून बघितला.

‘हे काढायचं, हितं एक तुकडा लावायचा, त्याला केबल लावायची. एवढंच की अक्का.’

‘एवढंच’ व्हायला बारा दिवस लागले. पण तुकडा बसला, केबल बसली आणि काटा हलला. हे लगेच शेजारी येऊन बसले. ‘तीस. चाळीस. साठ! अगं, साठ!’ म्हणून ओरडले, आणि तेवढ्यात एक रिक्षावाला आम्हाला मागे टाकून गेला.

काटा खोटं बोलत होता. तपासनिसाला हे कसं सहन होणार? रविवारी पहाटे आम्ही तुमकूर रोडवर गेलो. मी काटा साठावर धरून ठेवला आणि यांनी किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळावर मोजला. साठाला साठ सेकंद लागायला हवेत. लागले ऐंशी. म्हणजे काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी पंचेचाळीसवर असते. पाच-सहा वेळा मोजलं, तेच. मला भूक लागली होती, यांचा चेहरा मात्र कितीतरी दिवसांनी खुलला होता.

पुन्हा पीण्या. लेथवाला म्हणाला, केबलच्या मध्ये एक छोटी डबी घालू. आत दोन दातेरी चाकं, एकाला पंधरा दात, दुसऱ्याला वीस. पंधराने विसाला फिरवलं की वेग तेवढाच कमी होईल. चाकं तयार झाल्यावर यांनी व्हर्निअर काढून एकेक दात मोजला. एक चाक नापास करून परत कापायला लावलं. लेथवाला माझ्याकडे बघून हसला. ‘साहेब रिटायर झाले म्हणता?’

डबी बसवली. मी गाडी शेडबाहेर काढली, वेग घेतला. काटा ढिम्म हलेना. उलट शून्याच्या खालच्या खिळीला जाऊन असा चिकटला होता की जणू रुसलाय.

‘गेलं परत मुसळ केरात,’ मी म्हणाले.

‘थांब, थांब,’ हे पुढे वाकून म्हणाले. ‘किलोमीटर बघ. अगं, कमी होतायत!’

खरंच होत होते. शेवटचा आकडा सातावरून सहावर, सहावरून पाचावर. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की दुसरं उलटं फिरतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. लेथवाल्याने जन्मभर चाकं कापली होती, यांनी जन्मभर चाकं मोजली होती. प्रत्येक दात मापात बसवण्याच्या नादात चाक कुठल्या बाजूला फिरेल हे दोघांनीही बघितलं नव्हतं.

यशवंतपूरच्या सिग्नलला मला हसू आवरेना. हेही हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ‘असंच चालवत राहा,’ म्हणाले, ‘घरी जाईपर्यंत गाडी कालच्यापेक्षा नवी होईल.’ मग काय काय बोलत सुटले. कारखान्यात कुणी कुठला पार्ट उलटा बसवला होता, कुणाची कशी फजिती झाली होती. राजाजीनगर गेलं, मॅजेस्टिकची गर्दी गेली. चामराजपेटेत दारासमोर गाडी थांबवून मी इंजिन बंद केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळी वाट काटा मेलेलाच होता. ह्या माणसाने सीट धरली नव्हती.

मनात हिशेब चुकल्यासारखं झालं. आता काट्याची गरजच उरली नव्हती. त्यांचं तिकीट रद्द करून असंच गप्पा मारत बेळगावला जाता आलं असतं. तरी दुसऱ्या दिवशी मी एकटीच पीण्याला गेले आणि लेथवाल्याला मध्ये तिसरं चाक घालायला सांगितलं, म्हणजे फिरण्याची बाजू सरळ होते आणि वेग तोच राहतो.

‘साहेब आले नाहीत?’ त्याने विचारलं.

‘त्यांना नको आहे,’ मी म्हणाले. ‘मला हवंय.’

यांनी तिकीट रद्द केलं आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं गाडीने निघालो. नेलमंगल मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. काटा अगदी शहाण्यासारखा चढत होता. हे मात्र खिडकीतून बाहेर बघत मेव्हण्याच्या नव्या घराबद्दल सांगत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक आकडा नाही. ज्या आवाजाला मी तीस वर्षं वैतागले तो ऐकू येईना तेव्हा मला कसंसंच झालं.

‘अहो,’ मी म्हणाले, ‘किती झाले?’

‘समोर तर आहे तुझ्या.’

‘माझं लक्ष रस्त्यावर आहे. तुम्ही सांगा.’

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग चष्मा सारखा केला, मान कलती केली, घसा साफ केला.

‘बावन्न,’ ते म्हणाले. ‘जाऊ दे, साठ कर.’