कार्पेट साडेपाचशे

साखऱ्यात कुणाच्या घरी लग्न निघालं की आधी गोजरबाईच्या दाराची कडी वाजते. नवरी एक वेळ उशिरा आली तर चालतं, भटजी तिला सांभाळून घेतो. पातेली उशिरा आली तर वऱ्हाड कुणाच्या बापाला सांभाळत नाही. गोजरबाईचा नवरा रामकिशन हा 'गोजराई बिछायत केंद्रा'चा मालक. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, ताटं, कढया, नवरा-नवरीचा लाल सोफा, सगळं त्याच्याकडं भाड्यानं मिळतं. धंद्याला बायकोचं नाव दिलंय म्हणून तो सेनगाव तालुकाभर मिशीला पीळ देत फिरतो. आणि गोजरबाई म्हणते, "नाव माझं, घर बी माझं, पण पाय ठिवायला जागा कुठंय ते दाखवा की मला!"

आता यात ती काडीचंही खोटं बोलत नाही. घर तीन खोल्यांचं. पहिल्या खोलीत छतापर्यंत खुर्च्या, मधल्या खोलीत भांडी, मागच्या खोलीत माणसं, आणि त्या माणसांच्या डोक्यावर माळ्यात मांडवाची कापडं. शिरड शहापूरहून ती लग्न होऊन आली तेव्हा माप ओलांडून तिनं पहिलं पाऊल टाकलं ते थेट परातींच्या ढिगावर. असा काही खणखणाट झाला की दारातून निघालेल्या बँडवाल्यांना वाटलं, अजून वाजवा म्हणतात. त्यांनी माघारी फिरून आणखी एक गाणं वाजवलं.

त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पाहुणा आला तर त्याला बसायला तीनशे खुर्च्या, पण त्यातली एक ओढली तर बाकीच्या अंगावर येणार, म्हणून पाहुणा उभ्यानंच चहा पिऊन जातो. गोजरबाई जेवायला बसली की हमखास कुणीतरी दारात. काकू, झारा द्या. मावशी, दोन कढया. वहिनी, तेवढं समईचं ताट. उष्ट्या हातानं ती बोट दाखवत राहते, तो घे, तो न्हाई रे, त्याच्या मागचा.

एकदा लेकीजवळ, प्रियंकाजवळ, ती बोलून गेली होती. "मला न पिंके, एक खोली पायजे. जिच्यात काहीच न्हाई."

"काहीच न्हाई म्हणजे, माय?"

"काहीच न्हाई म्हणजे काहीच न्हाई!" आणि स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटून ती झारे मोजायला उठली.

तर यंदा झालं असं, की प्रियंकाला हिंगोलीत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी सातला हजर. साखऱ्याहून एवढ्या सकाळी तिथं पोचवील अशी एसटी नाही. मग ठरलं की हिंगोलीत फ्लॅट भाड्यानं घ्यायचा आणि मायलेकींनी तिथं राहायचं. रामकिशन आणि पोरगा सोमेश्वर साखऱ्यात धंदा बघणार. जेवणाची काळजीच नव्हती. दोघंही शंभर माणसांचं वरण डोळे मिटून करतात, दोघांपुरतं करताना काय तो थोडा गोंधळ होईल.

गोजरबाईला जो आनंद झाला म्हणता! पण तो तिनं दाबून ठेवला. कारण रामकिशननं लगेच अट घातली. "भाडं भरायचं तर बराबर वसूल करायचं. हिंगोलीच्या आर्डरी वाढून राहिल्या. दीडशे खुर्च्या, चाळीस पातेली अन् सोफा तिथंच ठिवू. एका खोलीत माल, एकीत तुमी. माल बसला तर फ्लॅट परवडला. न्हाई बसला तर पोरगी राहील होस्टेलला."

झालं! गोजरबाईच्या आनंदावर पाणीच पडलं. साखऱ्याचं घर उचलून हिंगोलीत नेऊन ठेवायचं, याला काय घर बदलणं म्हणतात?

दलाल गोपीचंदचा फोन आला तो दुपारी. रामकिशननं स्पीकरवर टाकला, कारण त्याला फोन हातात धरून ओरडूनच बोलायची सवय.

"काका, एकदम मस्त फ्लॅट हाय. अकोला बायपासच्या अंगाला. एक हॉल, एक बेडरूम, किचन. कार्पेट साडेपाचशे. भाडं साडेसहा हजार."

आता बिछायतवाल्याला कार्पेट म्हणजे काय ते सांगायला नको. लग्नात दारापासून स्टेजपर्यंत अंथरतात तो रोल.

"कार्पेट टाकलेलं हाय का?" रामकिशननं विचारलं.

"हाय ना काका! आतल्या आत साडेपाचशे फूट!"

"मंग ते काढून घ्या."

"काय काढू?"

"तुमचं कार्पेट. आमच्या घरी चवदा रोल पडून हायेत. तुमचं तुमी न्या अन् भाड्यात हजार रुपय कमी करा."

गोपीचंदनं दलालीत बारा वर्षं काढली होती. भाव पाडायच्या नाना तऱ्हा त्यानं पाहिल्या होत्या, पण ही नवीन होती. "काका, कार्पेट कसं काढता येईल?"

"काहून? खिळे ठोकले का?"

"अवो, कार्पेट काढलं तर फ्लॅटच राहत न्हाई!"

रामकिशननं फोनवर हात ठेवला आणि डोळे मोठे करून बायकोकडं पाहिलं. "ऐकलं का? खाली फरशीच न्हाई म्हणते. सगळा फ्लॅट कार्पेटवर उभा हाय."

गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. दलालाचं कार्पेट म्हणजे काय ते तिलाही ठाऊक नव्हतं, पण रामकिशन चुकला की तिला दुरूनच वास येतो.

"तुमी काही काढू नका," रामकिशन फोनमध्ये गरजला, "मीच माझं घेऊन येतो. टाकून बघू, मंग बोलू!"

रविवारी टेम्पो निघाला. सोमेश्वर गाडी चालवत होता, गोजरबाई शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि मागं रामकिशन सहा रोलांवर बसून. एक रोल पंधरा बाय सहाचा. सहा रोल म्हणजे पाचशे चाळीस फूट. वरचे दहा फूट त्यानं रस्त्यातच गोपीचंदला माफ करून टाकले.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. बाप-लेक एकेक लाल रोल खांद्यावर घेऊन जिना चढू लागले तशी दारं उघडायला लागली. पहिल्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, "लग्न कोणाचं हाय?" दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर थेट मुहूर्तच विचारला. सोमेश्वरला धाप लागली होती. तो म्हणाला, "कोणाचंच न्हाई हो," तर आजोबा हळहळले, "मोडलं का मंग?"

हे सगळं खाली चाललेलं असताना गोजरबाई वर पोचली. गोपीचंदनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि म्हणाला, "या काकू."

ती आत गेली आणि थांबली. आत काहीच नव्हतं.

भिंतीला भिंत दिसत होती. कोपऱ्यात कोपरा होता, त्यात काहीही उभं केलेलं नव्हतं. खिडकीतून ऊन आलं होतं आणि ते कशालाही न अडता जमिनीवर ऐसपैस पडलं होतं. गोजरबाईनं एक पाऊल टाकलं. खणखणलं नाही. दुसरं टाकलं. मग चालत ती पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, वळली, आणि परत आली. कुठंही आडवं व्हावं लागलं नाही, पोट आत घ्यावं लागलं नाही, लुगडं कशात अडकलं नाही. तिसऱ्या फेरीला तिनं हात दोन्हीकडं पसरले.

"काकू, काही शोधून राहिल्या का?" गोपीचंदनं विचारलं.

"न्हाई बाबा, सापडलं." आणि तिला काय वाटलं कोण जाणे, ती मोठ्यानं म्हणाली, "गोजरबाई!"

भिंतीनं 'बाई' म्हटलं.

अगं बया! ती खुदकन हसली. अठ्ठावीस वर्षांत तिच्या घरातल्या भिंतींनी तिला कधी ओ दिली नव्हती. द्यायची कशी, त्या खुर्च्यांआड गाडलेल्या. तिनं पुन्हा हाक मारली, मग बेडरूममध्ये जाऊन मारली, मग स्वयंपाकघरात जाऊन "वरण झालं का?" असं विचारलं. पन्नाशीला टेकलेली बाई, घरात सून यायची वेळ झालेली, आणि पोरीसारखी या खोलीतून त्या खोलीत पळत होती. तिथल्या तिथं तिनं ठरवलं, हे घर आपल्याला पायजे. काय वाट्टेल ते झालं तरी पायजे.

आणि तेवढ्यात रोल आले.

रामकिशननं दारात चप्पल काढली, जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाला, "अरे, फरशी तर हाय की!"

"हाय ना काका, नसायला काय झालं?"

"मंग तुमचं कार्पेट कुठंय?"

"हेच. हे सगळं." गोपीचंदनं हवेत हात फिरवला. "कार्पेट म्हणजे आतली जागा, काका. भिंती सोडून. चालायची-फिरायची जागा. तिला कार्पेट म्हणतेत."

"कोण म्हणतेत?"

"सगळेच म्हणतेत!"

सोमेश्वर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागला, त्याचे खांदे हलत होते. गोजरबाई मात्र उघड हसली. दुसरा कुणी असता तर वरमला असता. रामकिशन वरमला नाही, कारण धंद्यातला माणूस. त्यानं क्षणभर डोकं खाजवलं आणि त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे चालायची जागा साडेपाचशे फूट हाय, असं तुमचं म्हणणं."

"बराबर."

"सोम्या, रोल टाक!"

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. पन्नास-पन्नास मांडवांत कार्पेट अंथरलेले ते हात. एक झटका दिला की रोल सळसळत भिंतीपर्यंत जाई, दुसरा त्याच्या कडेला कड लावून. हॉल झाला, बेडरूम झाली, स्वयंपाकघरात दुमडून टाकलं, न्हाणीतसुद्धा टोक घातलं. चार रोल संपले. पाचवा अर्धाच उलगडला आणि घर संपलं. अर्धा पाचवा आणि अख्खा सहावा दारात उरले.

"चारशे पाच," रामकिशन म्हणाला. "बाकीचं कार्पेट कुठं गेलं गोपीचंदजी? उंदरानं खाल्लं का?"

गोपीचंदच्या तोंडचं पाणी पळालं. जिना धरला असेल, गॅलरी धरली असेल, भिंती बी धरत असतेत मालक लोक, असं काहीतरी तो पुटपुटला. मग बाहेर जाऊन त्यानं मालकाला, व्यंकटरावांना, फोन लावला. तो जिन्यात दबक्या आवाजात बोलत होता तरी ऐकू येत होतं, "न्हाई साहेब, टेप न्हाई. अख्खं लग्नाचं कार्पेट टाकलंय त्यांनी!" आत आला तो भाडं साडेपाच हजार करूनच.

रामकिशन असा फुलला की विचारू नका. चुकून मारलेला दगड नेमका कैरीला लागला होता. पण मग त्यानं बेडरूमच्या मधोमध उभं राहून बोटांवर हिशेब केला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"न्हाई जमत. खुर्च्या ठिवल्या तर पातेली बाहीर ऱ्हायतेत. सोफा तर दारातूनच शिरत न्हाई. चला. एवढं भाडं भरून मालच बसत नसंल तर काय उपेग? सोम्या, गुंडाळ."

गोजरबाईचं हसू जागच्या जागी थांबलं. होस्टेल. पिंकी होस्टेलला आणि आपण परत झाऱ्यांत. ती दारात जाऊन उभी राहिली.

"घ्यायचा," ती म्हणाली.

"अवं, माल बसत न्हाई म्हणलं ना मी."

"म्हणूनच घ्यायचा!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय! अठ्ठावीस वर्षं मी तुमच्या मालाच्या फटीत ऱ्हायले. कोण आलं तर त्याला बसायला जागा न्हाई, मला निजायला न्हाई, रडायचं म्हणलं तरी दोन कढया बाजूला साराव्या लागतेत! तुमी सगळ्या गावाला जागा मांडून देता, अन् मला?" तिचा आवाज चढला आणि भिंतींनी तो आणखी चढवला. "मला अशी एक जागा पायजे जिथं तुमचं एक पातेलं बी बसत न्हाई. आज सापडली. तुमीच मोजून दिली. आता सोडायची व्हय?"

गोपीचंदनं भिंतीकडं तोंड केलं. सोमेश्वर रोलाचं टोक हातात धरून तसाच बसून राहिला. रामकिशन बायकोकडं बघत होता. तिचं नाव त्यानं टेम्पोवर लिहिलं होतं, मांडवाच्या कमानीवर लिहिलं होतं, ताटांच्या पाठीवर खोदून घेतलं होतं. तिला जागा पाहिजे, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं.

"पण साडेपाच हजार देऊन," तो हळूच म्हणाला, "इथं तुला मिळणार काय?"

"काहीच न्हाई!" गोजरबाई म्हणाली, आणि तिचं तिलाच इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अवो, काहीच न्हाई मिळणार! किती स्वस्त हाय बघा की!"

मग रामकिशनलाही हसू फुटलं, बापाला बघून सोमेश्वरला, आणि गोपीचंद तर आधीच कोपऱ्यात हसून घेत होता. रिकाम्या घरात चार माणसांचं हसणं चाळीस जणांचं वाटत होतं. खालच्या आजोबांना नक्की वाटलं असणार की लग्न जुळलं.

रामकिशननं खिशातून हजाराचा विसार काढून गोपीचंदच्या हातावर ठेवला. "घेतला. सोम्या, रोल खाली ने."

"एक तरी ठिवू का, बापू? मायला बसायला."

"उचल!" गोजरबाई ओरडली.

सगळे रोल गेले. ऊन पुन्हा फरशीवर पडलं. गोजरबाई मधोमध मांडी घालून बसली, आणि रामकिशन उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत यावं की येऊ नये ते त्याला कळेना. दाराच्या चौकटीला हात लावून, नवरदेवासारखा लाजत त्यानं विचारलं, "अन् मी वं? मी येऊ का कधी, का मी बी मालातच?"

गोजरबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"या की," ती म्हणाली. "पण हात हलवत या."