वसंताच्या खिशातले प्रस्थान

एका सोमवारी शाळेतून घरी आलो तेव्हा तार आलेली होती. माझा धाकटा भाऊ वसंता विलायतेत न्यूमोनियाने वारला होता.

मी लिहिणार आहे ते मात्र त्याच्या आठ महिने आधीचे. मी डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. अशा अद्भुत हकिकती कोणी सांगू लागले, की मी नम्रपणे उठून जाणाऱ्यांपैकी आहे... आजही आहे. तरीही जे झाले ते झाले.

वसंताला शिष्यवृत्ती मिळाली. विमान गुरुवारी दुपारचे, आणि आईच्या पंचांगात गुरुवार निषिद्ध. म्हणून तिने सोमवारीच प्रस्थान ठेवले. सुपारी, हळकुंड आणि अक्षता वडिलांच्या जुन्या उपरण्याच्या तुकड्यात बांधल्या, आणि वसंताने ती पुरचुंडी पश्चिमेकडच्या शेजारीण गोदूताईंच्या देव्हाऱ्यात ठेवली. म्हणजे प्रवास चांगल्या मुहूर्तावर सुरू झाला असे धरायचे. निघायच्या दिवशी प्रवाशाने ती उचलायची आणि बरोबर न्यायची. त्याला आठवण करून देण्याचे काम आईने माझ्यावर सोपवले होते.

गुरुवारी मोटार वेळेआधी आली, त्यात पासपोर्ट सापडेना. सापडला तसे सगळे घाईने बसलो. कळव्याच्या पुलावर मला पुरचुंडी आठवली. परत फिरलो असतो तर विमान चुकले असते. मी गप्प बसलो.

सांताक्रूझ विमानतळाच्या हॉलमध्ये वेताच्या खुर्च्या होत्या, डोक्यावर पंखे होते. पोचवायला आलेल्यांनाही तिथे बसू देत. आई खुर्चीच्या कडेवर बसली होती. सामानाबरोबर माणसांचेही वजन करतात हे पाहून तिने वसंताला विचारले, जास्त भरलास तर इथेच ठेवून घेतील का रे? तो म्हणाला, तुझे लाडू काढून ठेवले की बसेन बरोबर.

तो काट्याकडे गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

“प्रस्थान घेतलं ना त्याने?”

“घेतलं,” मी म्हणालो.

आईशी मी बोललेले ते पहिले धडधडीत खोटे. तिने ते ओळखले की काय कोण जाणे, कारण वसंता परतताच तिने हात पुढे केला. “बघू.”

वसंताने माझ्याकडे पाहिले. मग कोटाच्या खिशात हात घातला आणि पुरचुंडी तिच्या तळहातावर ठेवली.

मी अगदी जवळ होतो. उपरण्याचा तांबडा काठ दिसला, काठाजवळचा शाईचा जुना डाग दिसला. आईने ती कपाळाला लावून परत दिली. तिच्या बोटांना हळद लागली होती. मला इतके हलके वाटले! पठ्ठ्या माझ्या नकळत जाऊन घेऊन आला तर...

संध्याकाळी घरी पोचलो. आई आत गेल्यावर गोदूताईंनी मला कुंपणापाशी बोलावले. “अरे, पुरचुंडी राहिली की देव्हाऱ्यात. वहिनींना सांगू का?” मी त्यांच्याबरोबर जाऊन पाहिले. तोच काठ, तोच डाग. आईला सांगू नका, एवढेच म्हणालो.

वसंताला पत्र टाकले. त्याचे उत्तर आले ते असे — “दादा, आपण दोघेही विसरलो होतो. आईने मागितलं तेव्हा रुमालाची गाठ दाखवून वेळ मारून न्यावी म्हणून खिशात हात घातला, तर हाताला तेच लागलं. मला वाटलं, तू गुपचूप ठेवलंस. विमानात बसल्यावर पुन्हा पाहिलं. खिशात रुमालच होता.”

मी माझ्यापरीने पुष्कळ विचार केला. तिघांनाही हवे तेच दिसले असेल. हळद सकाळच्या पूजेची असेल. पण तो डाग? कधी तो भास होता हे पटते, कधी ती खरेच त्याच्या खिशात होती हे. दोन्ही एकदम कधी पटत नाहीत.

तार आली त्या दिवशी आई बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. मग म्हणाली, “प्रस्थान नीट झालं होतं त्याचं. माझ्याकडून काही राहिलं नाही.”

मी बोलायला तोंड उघडले. तिच्याकडे पाहिले, आणि तिला पाणी आणून दिले.

पुढची तीन वर्षे कोणी समाचाराला आले, की ती हेच सांगे. मी मान हलवत असे. दरवेळी वाटे, आज सांगून टाकावे, चूक माझी होती. पण त्या वाक्यावर ती जेवत होती, झोपत होती... ते काढून घेऊन मी तिला काय देणार होतो?

गेल्या महिन्यात आई गेली. खरे सांगायला आता घरात कोणी नाही.